शेळीला नसतं ते

“हा बगा पू!” असं म्हणून रघुनाथ मोकलने मेंढीचा मागचा पाय वर धरला. खुराच्या दोन फाकांमधे, जरासं वरच्या अंगाला, त्याने अंगठ्याने दाबलं आणि एका बारीक भोकातून पिवळट, मेणासारखं काहीतरी बाहेर आलं. भोवती जमलेला वडशेत गाव दोन पावलं मागं सरकला. “या मेंढीच्या चारी पायांना भोक. त्या मेंढीच्या चारी पायांना भोक. सगळ्या कळपाला भोक. आता ही खुरकूत नाय, तर काय सत्यनारायणाचा प्रसाद हाय?”

लोक हसले, पण भीतभीत. खुरकुतीची चेष्टा कोण करणार? तोंडाला फोड, खुरांत जखमा, लाळेच्या तारा. एका बैलाला झाली की आठवड्यात गावचा सगळा गोठा बसतो. त्यात मळणीचे दिवस. भात खळ्यांवर पडलेलं आणि बैल बसले तर मळणार कोण?

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या तालुक्याची पशुवैद्यकीय अधिकारी होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. बाई डॉक्टर म्हटल्यावर गावोगावच्या बायका आधी मला माणसांची डॉक्टर समजून आपली पोटदुखी सांगायच्या, आणि मी गुराढोरांची आहे असं कळलं की त्यांची तोंडं उतरायची. पुरुषांची तर ती आधीपासूनच उतरलेली असायची.

“मॅडम, आमचं ठरलंय,” पोलीस पाटील गोविंदराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता. गावाची जबाबदारी अंगावर घेतलेला, दमलेला माणूस होता. “आम्हीच बोलावलं धनगरांना, शेतात मेंढरं बसवली तर लेंडीखत मिळतं म्हणून. दरसाल बोलावतो. पण ही मेंढरं आली आणि तिसऱ्या दिवशी या रघुनाथाचा बैल लाळ गाळायला लागला. दिवस मावळायच्या आत धनगरांनी गाव सोडायचं. तुमी फक्त खुरकुतीचा कागद द्या. म्हंजे वाटेतलं दुसरं गाव पण फसायला नको.”

तो कागद दिला की काय होणार हे मला गावातल्या कोणापेक्षाही जास्त कळत होतं. वाटेतलं एकही गाव त्या कळपाला पाणी पिऊ देणार नाही, कुठल्या माळावर टेकू देणार नाही. एकाच दमात घाट चढायचा, आणि कळपातल्या कितीतरी मेंढ्या आज-उद्या व्यायला झालेल्या. अशी मेंढी घाटात बसली की ती तरी जाते किंवा कोकरू तरी.

शेताच्या पलीकडच्या टोकाला, कोकरांसाठी लावलेल्या जाळीपाशी, लाल पटक्यातला एक उंच म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याच्या मागं एक बाई चुलीसमोर बसली होती. म्हातारा माझा सख्खा चुलता होता. ती बाई माझी चुलती.

गावाला हे माहीत नव्हतं. मी डॉ. ठोंबरे होते, कोकणात कोणाला त्यावरून काही कळायचं कारण नव्हतं. आणि माझ्या चुलत्याचं आडनाव वडशेतात कोणी विचारलंच नव्हतं. दरसाल यायचे, बांधावर झोपायचे, आणि गाव त्यांना ‘धनगरबुवा’ म्हणायचं. धनगराला आडनाव असतं हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. याचा मला आजही राग येतो.

माझे वडील मी चार वर्षांची असताना वारले. धुळातात्यांनी, म्हणजे या चुलत्यांनी, मला वाढवलं. मला शाळेत घातलं तेही त्यांनीच. कळप फिरतीला निघाला की मला मामाच्या गावी ठेवायचे आणि परतल्यावर आधी माझ्या वह्या बघायचे, उलट्या धरून का होईना. पण मी मुंबईला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात गेले तेव्हा ते गप्प झाले. आणि शेवटच्या वर्षाला, आत्याच्या मुलाशी लग्न करायला मी नाही म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. बहिणीला त्यांनी शब्द दिला होता. तो माझ्यामुळे गेला. कॉलेज हा शब्दही ते उच्चारत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, “पोरगी तिकडं आसती.” दोन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता पाहत होतो ते असं.

मी शेत ओलांडून गेले. मागोमाग पाटील, रघुनाथ आणि बराचसा गाव.

“मेंढरं तुमची का?” मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

“व्हय, बाईसाब,” तात्या म्हणाले.

बाईसाब. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. माझ्या खांद्यावरून मागच्या डोंगराकडे पाहिलं. नानीने, म्हणजे चुलतीने, चुलीतलं लाकूड उगाचच पुढं सारलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे. बाईसाब तर बाईसाब.

मग मी कामाला लागले. एक सांगते, त्या दिवशी मी तपासणी केली तशी कडक तपासणी पुढे साऱ्या नोकरीत केली नसेल. मेंढरात ही खुरकूत मोठी लबाड. बैलासारखा गाजावाजा करत नाही. एखादा बारीक फोड हिरडीला येतो आणि जातो, आणि दिसायला सगळं छान असतं. आपली माणसं म्हणून माझ्या डोळ्यांवर पडदा येतोय का, ही भीती एकीकडे होतीच. म्हणून मी एकेका मेंढीचं तोंड उघडून जीभ, हिरड्या, ओठांची आतली बाजू बघितली. ताप बघितला. खुरांच्या कडा दाबून बघितल्या. तात्या एकेक मेंढी पकडून पुढं करत होते आणि मी तिला तपासून सोडत होते. लहानपणी मी मेंढरं धरायची आणि तात्या त्यांना औषध पाजायचे. हात तेच, जागा बदललेल्या.

फोड एकाही तोंडात नव्हता. ताप एकीलाही नव्हता. लंगडत कोणी नव्हतं.

“तोंडं स्वच्छ आहेत,” मी पाटलांना म्हटलं. “आता बैल बघू.”

जाताना मी बादलीत लाल औषध टाकून हात, चपला, साडीचा काठ सगळं धुतलं. रघुनाथनेही मुकाट्याने धुतलं. त्याचा बैल गोठ्यात मान खाली घालून उभा होता आणि खरंच लाळ गाळत होता. दोघांनी शिंगं धरली, मी तोंडात हात घातला. फोड नव्हते. पण जिभेच्या मुळाशी, एका बाजूला, बोटाला काहीतरी टोचलं. चिमट्याने ओढून काढलं तर करवंदीचा लांबलचक काटा, मांसात रुतून काळा पडलेला.

“हा तुमचा रोग,” मी काटा रघुनाथच्या तळहातावर ठेवला.

माणूस प्रामाणिक होता. काटा त्याने उलटासुलटा करून पाहिला, पाटलांना दाखवला आणि म्हणाला, “बैलाचं पटलं मला. बैलाला खुरकूत नाय.” मला हायसं वाटतंय तोवर पुढं म्हणाला, “पण मेंढरांच्या पायांतली भोकं काट्यानं पाडली काय?”

आता खरी परीक्षा होती. मी सांगितलं की तो रोग नाही, ते मेंढीचं अंगच आहे. मेंढीच्या चारी खुरांत, दोन बोटांच्या मधे, कातडीच्या आत एक छोटी पिशवी असते, चिलमीसारखी वाकडी. तिचं तोंड म्हणजे ते भोक. त्यातून जे येतं तो पू नाही. त्याला मेंढीचा वास असतो, तो वास वाटेत पडत जातो आणि चुकलेली मेंढी त्याच्या मागावर कळपाला येऊन मिळते.

“मी चाळीस वर्षं बकऱ्या पाळतोय,” रघुनाथ म्हणाला. बकऱ्या म्हणजे त्याच्या बोलीत शेळ्या. “बाळंतपणं केली, खुरं कापली, मेल्या त्या सोलल्या. अशी पिशवी कधी बगितली नाय.”

“कारण शेळीला ती नसते.”

“शेळी आणि मेंढी, खुरं तर सारखीच!”

इथे मला तिडीक आली. ही सगळ्या महाराष्ट्राची खोड आहे. शेळ्यामेंढ्या, शेळ्यामेंढ्या, एका श्वासात म्हणायचं, जशी काही जुळी भावंडं. आमच्या खात्याच्या पाट्यांवरही दोघींची अशीच जोडगोळी. दोघींचा पाय हातात घ्या: तीच दोन बोटं, तेच खूर, हाडंही वरवर तशीच. पण दोन बोटांच्या मधे बघायला कोण जातं? आणि कोकणच्या त्या पट्ट्यात पावसाळाभर मेंढी जगतच नाही. पावसाने लोकर भिजून मरते. गावात शेळ्याच शेळ्या. ज्यांनी जन्मात मेंढीचा पाय धरला नाही त्यांनी पहिल्यांदा धरला, आणि शेळीच्या मापाने मोजला. चूक शहाण्या माणसाची होती, म्हणून अवघड होती.

“तुमची शेळी आणा,” मी म्हटलं. “दोघींचे पाय शेजारी शेजारी ठेवून दाखवते.”

तो म्हणाला, मेंढरांजवळ आणणार नाही. मी म्हटलं, बांधावर आणा. त्याने एक धष्टपुष्ट शेळी आणली. मी पुन्हा हात धुतले, शेळीचे चारी पाय फाकवून गावाला दाखवले. मधे सपाट, गुळगुळीत कातडी. मग पलीकडे जाऊन मेंढीचे दाखवले. चारी पायांत भोक.

“बघितलंत? शेळीला नाही, मेंढीला आहे.”

“तेच तर मी सकाळपासनं सांगतोय!” रघुनाथ म्हणाला. “माझी बकरी निरोगी, तिला नाय. ह्या मेंढरांना हाय. म्हंजे ही आजारी.”

गावाने माना डोलावल्या. मी स्वतःच्या हाताने त्याचा पुरावा पक्का करून दिला होता. पिशवीतून कॉलेजातलं जाडजूड पुस्तक काढलं, त्यातलं चित्र दाखवलं. पाटलांनी चित्राकडे पाहिलं, इंग्रजी अक्षरांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, पुस्तक तुमचं, मेंढरं त्यांची, पण बैल आमचे. तुमी चुकलात तर तुमची बदली होईल. आमचं काय होईल?”

दुसऱ्या कुठल्या कळपाची मेंढी दाखवावी तर आसपास कळप नाही. उन्हं कलत होती. तात्यांच्या घोड्याच्या पाठीवर नानीने एकेक सामान ठेवायला सुरुवात केली होती. तवा, पाटावरवंटा, कोंबड्यांची पाटी. ती मुकाट्याने बांधाबांध करत होती. शेकडो वेळा तिला मी असं सामान बांधताना पाहिलं होतं, पण कोणी हाकललं म्हणून नाही.

मी ठरवलं, सांगून टाकायचं. ही मेंढरं माझ्या घरची आहेत. यांच्या पायांत मी लहानपणी बोटं घालून काटे शोधलेत. मी यांच्यातच जन्मले, मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

“पाटील,” मी म्हटलं, “तुम्हाला एक गोष्ट सांगते. ही मेंढरं—”

“बाईसाब!” तात्या एवढ्या मोठ्याने ओरडले की शेळी दचकली. ते माझ्या आणि पाटलांच्या मधे येऊन उभे राहिले. “तुमी सरकारी मानूस. तुमास्नी जे दिसंल ते लिवा. आमी कुनाच्या वशिल्यानं हितं आलो न्हाई आन् कुनाच्या उपकारावर ऱ्हानार न्हाई.”

तोंडात मारल्यासारखं झालं. इतका राग? गाव हाकलतंय, कोकरं वाटेत मरतील, तरी माझं नातं नको? मी तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि वडशेतासमोर ते दाखवायची माझी तयारी नव्हती.

तेवढ्यात जाळीपलीकडून एक मेंढी कण्हली. मी वळून पाहिलं. काळ्या तोंडाची मेंढी आडवी पडली होती, चारी पाय ताणलेले, मान मागं टाकलेली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दुपारपस्नं कळा देतीया,” नानी पहिल्यांदा बोलली. “आडलीया.”

मी हातातल्या बांगड्या काढून पदरात बांधल्या. बाही वर केली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतला, गोडं तेल मागितलं. “कोणीतरी हिला धरा.”

तात्या पुढं होणार तोच रघुनाथ मेंढीच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला. “मी धरतो. माझे हात तसेपण सकाळीच बाटलेत,” तो म्हणाला. अडलेलं जनावर समोर असताना हा माणूस लांब उभा राहू शकत नव्हता. मला तो तेव्हाच आवडला.

कोकराचं डोकं आणि पुढचा एक पाय वाटेत होता, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागं राहिला होता. असं असलं की मेंढीने कितीही जोर लावला तरी काही होत नाही. उलट जोराने कोकरू अडकत जातं. कळ ओसरली तेव्हा मी डोकं हलक्या हाताने आत सारलं. मागं राहिलेल्या त्या पायाचं खूर शोधलं. ते तळहातात घेतलं, म्हणजे आतलं कातडं फाटू नये. नानी माझ्या पाठीशी वाकली होती. तिचा श्वास कानाला लागत होता, आणि इतकं हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं, ती म्हणाली, “यमे, सावकाश गं. नख लागंल तिला.”

माझं नाव यमुना. यमे म्हणणारी माणसं जगात थोडीच.

पाय सरळ झाला. दोन्ही खुरं बाहेर आली, ओली, पांढरट, मऊ. पोटातल्या कोकराचं खूर साबणाच्या वडीसारखं मऊ असतं. मागोमाग नाक आलं. आणि त्या दोन खुरांकडे बघताना मला एकदम उमजलं की मघापासून मला हवी असलेली मेंढी ही आहे. ही अजून जन्मलीच नव्हती.

“रघुनाथभाऊ,” मी म्हटलं, “माझे हात गुंतलेत. तुमच्या धोतराच्या सोग्याने हे पाय पुसा. दोन बोटांच्या मधे बोट लावून बघा.”

मी कोकराच्या नाकातोंडातलं पाणी काढत होते. त्याने पाय पुसला. अंगठा लावला. मग दुसरा पाय पुसला, त्याला लावला. कळ आली, मी ओढलं, आणि अख्खं कोकरू माझ्या मांडीवर आलं. शिंकलं, अंग झाडलं, आणि माझी साडी कामातून गेली. रघुनाथने त्याचे मागचे पायही धरले. वाकून, अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

“पाटील, हितं या,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“या तर. अजून भुईला पाय लागलेला नाय याचा. आईच्या पोटातनं माझ्या हातात आलंय. आणि भोक हाय.”

पाटील वाकले. एकेक करून गाव वाकला. तांदळाच्या दाण्याएवढी चार छिद्रं, चारी पायांना एकाच जागी.

“पोटातच लागण झाली असंल,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

रघुनाथ उसळला. “रोग काय फूटपट्टी घेऊन येतो? चारी पायांना एकाच मापाचं भोक पाडतो? अरे, आईला ताप नाय, तोंडात फोड नाय, आणि हे पोरगं बग कसं थानाला धडका मारतंय!” मग तो माझ्याकडे वळला. “मॅडम, मी चुकलो. देवानंच केलंय तसं. शेळीची शेळी, मेंढीची मेंढी.”

पाटलांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “मग राहू दे त्यांना. राहा हो धनगरबुवा. घोड्यावरचं उतरवा.”

मी तिथेच बांधावर बसून कागद लिहिला: कळप निरोगी, खुरकूत नाही, मेंढीच्या पायातली ग्रंथी नैसर्गिक. सही ठोकली. आयुष्यात पुष्कळ सह्या केल्या पण तेवढी ठसठशीत दुसरी नसेल. अभिमान वाटत होता, का वाटू नये? गावच्या गाव एका बाजूला आणि चोवीस वर्षांची मी एका बाजूला, आणि मी बरोबर होते. ज्याने खोटं ठरवलं त्याच्याच तोंडून खरं वदवलं होतं.

पण तात्या आले, लांबूनच हात जोडले आणि म्हणाले, “चा घेनार का, बाईसाब?”

“नको,” मी म्हटलं. एसटीत खिडकीशी बसून, साडीला कोकराचा वास येत असताना, मी तालुक्यापर्यंत रडत गेले. शेजारच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कोणी आलं. ती सरकून बसली.

शिमगा झाल्यावर वडशेतात बैलांना लस टोचायला मला जायचं होतं. त्याच सकाळी कळप परतीला निघाला होता. पारासमोर गाव जमला होता. पाटलांनी धनगरांना नारळ दिला, बायकांनी नानीची ओटी भरली. रघुनाथने तर त्या हिवाळ्यात मेंढीच्या पायांचं खूळच घेतलं होतं. गावात पाहुणा आला की त्याला शेतात नेऊन पाय उचलून दाखवायचा. मला बघताच धावत आला. “मॅडम, मेंढीच्या डोळ्याखाली पण एक खळगा हाय! बोट मावतं. शेळीला तो पण नाय. तुमी सांगितला नव्हतात!” मी म्हटलं, तुम्ही शोधावा म्हणून ठेवला होता.

काळ्या तोंडाची मेंढी पुढून गेली. तिच्या मागं तिचं कोकरू, आता चांगलं उंडारणारं. मी तात्यांकडे पाहिलं नाही. लसीची बाटली हलवत उभी राहिले.

तात्यांनी काठी आपटली. “पाटील, एक सांगायचं ऱ्हायलंय.”

“बोला, धनगरबुवा.”

“धनगरबुवा न्हाई. धुळा बाळू ठोंबरे.” त्यांनी काठी माझ्याकडे केली. “आन् ही तुमची डाक्टरीन माझ्या पाठच्या भावाची लेक हाय. यमी. ह्या हातांनी वाढिवली तिला.”

माझ्या हातातली बाटली रघुनाथने धरली, नाहीतर ती पडलीच असती.

“मॅडम, खरं?” पाटलांनी विचारलं.

“खरं,” मी म्हटलं. “यमुना म्हाळू ठोंबरे. यांची पुतणी.”

“अरे बाबा,” पाटील तात्यांना म्हणाले, “मग त्या दिवशी का नाय बोललात? गाव हाकलत होतं तुम्हाला!”

“बोललो आस्तो तर काय झालं आस्तं?” तात्या म्हणाले. “तुमी म्हनला आस्ता, धनगराच्या पोरीनं धनगराची कड घेतली. तिचं खरं आसून खोटं झालं आस्तं. ती तर सांगायलाच निघाली व्हती, म्हून वराडलो.” मग पहिल्यांदाच, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. “आन् दुसरं. खरंच रोग निघाला आस्ता, तर तिला तसं लिवावं लागलं आस्तं. चुलत्याचं हाय म्हून लिवताना तिचा हात आडायला नगं. आमी गप घाट चढलो आस्तो.”

इतके महिने मी ज्याला राग समजत होते, तो राग नव्हता.

“तात्या, मला वाटलं तुम्ही रागावलात,” मी म्हणाले.

“रागावलोयच की,” ते म्हणाले. “भनीला दिल्याला शबूद ग्येला माझा. त्यो राग घरचा हाय. घरी ये, मग काढतो.”

गाव खदखदून हसला. नानीने पदर तोंडाला लावला. मी वाकून दोघांच्या पाया पडले. नानीने माझ्या मुठीत गुळाचा खडा कोंबला, मी सहा वर्षांची असल्यासारखा.

“तरीच!” रघुनाथ मोकल म्हणाला. “त्या दिवशी मेंढीत हात घातला तवाच माझ्या मनात आलं. म्हटलं हा हात घरचा हाय, कॉलेजातला नाय.”

तात्या निघाले होते ते गर्रकन वळले. पटका सरळ केला. “कालेजात बी शिकलीया ती!” ते जवळजवळ ओरडलेच. “मंबईला, परळात. लई मोठं कालेज हाय. हत्तीचं बी हाडूक हाय तितं. पाच वर्सं शिकावं लागतं. येरागबाळ्याचं काम न्हाई ते!”

मी त्यांना हत्तीच्या हाडाचं कधीच सांगितलं नव्हतं. नानीने मान खाली घातली. मी तिला लिहिलेल्या पत्रांतून तेवढं गेलं होतं, आणि ती पत्रं कोणाकडून तरी वाचून घेताना तात्या कुठेतरी जवळच बसलेले असणार.

मेंढरं पुलापलीकडं गेली. घोडं गेलं, कुत्रीही गेली. नानी दोनदा हाका मारून पुढं निघाली. तात्या मात्र पाराशीच उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, आणि वडशेत गावाला माझं कॉलेज सांगत होते.